शहाजाद्यांच्या देहाचे दोष: बुऱ्हाणपुरी पुराव्यांवरून एक अनावश्यक प्रबंध

मानवी शरीरात निरुपयोगी अवयव किती आणि चुकीच्या बांधणीचे किती, हा प्रश्न आजवर युरोपातल्या शवविच्छेदनगृहांत सोडवला गेला. प्रस्तुत लेखकाच्या मते तो बुऱ्हाणपुरात सोडवायला हवा होता. भुसावळहून खांडव्याकडे निघाले की रावेरच्या केळीबागा मागे पडतात आणि तापीकाठचे हे शहर येते. मोगलांनी दख्खनचा कारभार इथून चालवला आणि त्यासाठी एकामागून एक शहाजादे इथे धाडले. १६०५ ते १६५३ या जेमतेम अर्धशतकात त्यांच्यापैकी दोघांची यकृते, एकाचे (निदान कागदोपत्री) आतडे, एका बेगमेची कूस आणि एकाची शुद्ध, एवढे सगळे या एका गावात हरपले. इतक्या उच्च कुळातली सामग्री एका जागी अन्यत्र मिळणे कठीण.

पण दोष काढायचा तर आधी माप हवे, आणि तेही बुऱ्हाणपुरातच आहे, जमिनीखाली. अब्दुर्रहीम खानखानाच्या अमदानीत, १६१५च्या सुमारास, तबकातुल अर्ज नावाच्या इराणी भूगर्भतज्ज्ञाने सातपुड्याच्या उतारावर झिरपणारे पाणी जमिनीच्या पोटातच गाठले आणि भुयारातून शहरापर्यंत आणले. हाच कुंडी भंडारा. रहाट नाही, मोट नाही, बैल नाही. एका रांगेत शंभरावर कुंड्या आणि त्यांना जोडणारा, शहराकडे किंचित उतरता बोगदा. उतार राखला की उरलेले काम पाणी स्वतः करते, एवढेच त्यातले शास्त्र. आज लिफ्टने खाली उतरून ते पाहता येते. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्याचे नावही लागले. क्षारांची पुटे चढून बोगदा जागोजागी अरुंद झाला आहे, हे खरे. पण चारशे वर्षांनी कुणाच्या नळ्या अरुंद होत नाहीत? आपल्या तर पन्नाशीतच होतात.

आता हा उताराचा नियम घेऊन चेहऱ्यात शिरावे. गालाच्या हाडाआड दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते. तिच्यात सतत ओल पाझरते आणि ती नाकात उतरावी अशी अपेक्षा असते. कुंडी भंडाऱ्यावरच्या सर्वांत नवख्या बेलदारानेही भोक तळाशी पाडले असते. आपल्याकडे ते वर, जवळजवळ छताशी आहे. म्हणजे पाण्याने चढ चढायचा. तो चढवायला अस्तरावरचे अतिसूक्ष्म केस अहोरात्र राबतात. सर्दीने अस्तर सुजले की त्यांचा संप होतो. मग गाल जड, डोके ठणकते, आणि घरातले सगळे मिळून आपल्याला चादरीखाली कोंबून वाफारा देतात. चार पायांवर, तोंड पुढे काढून हिंडणाऱ्या पूर्वजाला या भोकाचा इतका जाच नसावा. आपण उभे राहिलो, तोंड चपटे करून घेतले आणि जोडणी मात्र जुनीच ठेवली. तबकातुल अर्जने असा बोगदा खोदला असता तर खानखानाने त्याला पहिल्या काफिल्याबरोबर इराणला परत पाठवले असते.

घशाबद्दल थोडक्यात. अन्नाची वाट आणि श्वासाची वाट तिथे एकमेकींना ओलांडतात, आणि फाटकावर एक लवचीक पडदी सोडून दुसरा पहारेकरी नाही. बुऱ्हाणपूरचा दराबा (रवा, साखर आणि तूप फेसून फेसून केलेले ते हलकेफुल्ले प्रकरण) तोंडात असताना ज्याने कुणाच्या विनोदाला दाद दिली, त्याला अधिक पुरावा नको.

इथे पूर्वपक्ष उभा राहतो. तो म्हणतो, ही बांधणीची कुरकुर झाली. निरुपयोगी अवयवांचे काय? त्यांच्या याद्या करण्याचा नाद विद्वानांना फार जुना. डार्विनने १८७१ साली माणसाच्या वंशावळीवर ग्रंथ लिहिला तेव्हा कान हलवणारे स्नायू, अक्कलदाढा, माकडहाड, आंत्रपुच्छ हे सगळे त्यात हजर होते. कानाच्या दुमडीवरचा बारीक उंचवटा तर त्याला थॉमस वूलनर या शिल्पकाराने दाखवून दिला. माणसाच्या कानाकडे शिल्पकाराइतके निरखून दुसरे पाहते कोण? तशी सवड आपल्याकडे फक्त पंतोजींना होती, पण त्यांचा कानाशी संबंध निराळ्या कारणाने येई. १८९३ साली रॉबर्ट वीडर्सहाइम या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने यादी ८६ अवयवांपर्यंत नेली. नंतर तिला गळती लागली. एके काळी कुचकामी मानलेली थायमस ग्रंथी रोगप्रतिकारक पेशींची शाळा आहे, हे १९६१ साली जॅक मिलर यांनी दाखवले. माकडहाडाला ओटीपोटाचा तळ तोलणारे स्नायू बांधलेले आहेत. मनगटाकडे जाणारी एक बारीक कंडरा कित्येकांच्या हातात नसतेच, आणि नसणाऱ्यांचे काही अडत नाही. ज्यांच्यात असते त्यांची ती काढून शल्यचिकित्सक दुसऱ्या तुटलेल्या कंडरेच्या जागी जोडतात. शहाऱ्यांचा मात्र काही खुलासा होत नाही. अंगावरची लव ताठ करून आपण नेमके कुणाला भिववतो, ते शहारणाऱ्यालाही ठाऊक नसते.

उत्तरपक्ष असा. बुऱ्हाणपुरी पुराव्यांत या यादीतल्या एकाही अवयवाने कुणाचा जीव घेतलेला नाही. माकडहाडाने शहाजाद्याला दगा दिल्याची नोंद कोणत्याही तवारिखेत नाही. अक्कलदाढेने सुभा बुडवलेला नाही. दगा दिला तो कामाच्या, कर्त्यासवरत्या, यादीत कधीही न आलेल्या अवयवांनी. बिनकामाचे बिचारे पडून असतात. भीती बाळगायची ती कामसूंची. हेच या प्रबंधाचे मुख्य प्रमेय, आणि आता त्याचे दाखले.

पहिला दाखला दानियालचा. अकबराचा हा मुलगा दारूच्या पुरता आहारी गेलेला. बापाने पहारा बसवला आणि त्याची जबाबदारी सासऱ्यावर टाकली. सासरा म्हणजे हाच खानखाना. मग एका निष्ठावंताने बंदुकीच्या नळीत दारू भरून ती आत पोचवली. नळीतला गंज आणि बारुदीची राख त्या कडक दारूत उतरली आणि १६०५ साली दानियाल बुऱ्हाणपुरात मेला. जहांगीराने ही हकीकत आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. ती बंदूक दानियालची लाडकी होती, आणि तिचे नाव त्याने स्वतःच जनाझ्यावरून ठेवले होते. शवचिकित्सा कुणी केली नाही, तेव्हा खापर शेवटच्या घोटावर फोडायचे की आधीच्या अनेक वर्षांवर, हे ठरवणे अवघड. पण यकृताच्या बाजूने दोन शब्द बोलायलाच हवेत. अर्ध्याहून अधिक कापून दुसऱ्याला दिले तरी काही महिन्यांत पुन्हा भरून येणारा असा दुसरा अवयव आपल्यापाशी नाही. झाडाखाली पडून आंबलेली फळे पचवण्याची कुवत आपल्या पूर्वजांच्या अंगी सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी वाढली, असे २०१४ सालचे एक संशोधन सांगते. तरतूद पडलेल्या फळांपुरती होती. बंदुकीच्या नळीची कल्पना उत्क्रांतीला नव्हती. यकृताचा दोष एकच: त्याला ओरडता येत नाही. गाभ्यात वेदनेचे तंतू नसल्यामुळे ते मुकाट झिजते आणि तक्रार करते तेव्हा फार उशीर झालेला असतो. १६२६ साली जहांगीराचा मुलगा परवेझ याच गावात, याच व्यसनाने गेला. त्यावर वेगळे भाष्य नको. खानखानाला जावयापर्यंत जाणारी दारू अडवता आली नाही, पण दहा वर्षांनी अख्ख्या शहरापर्यंत पाणी आणता आले, एवढे मात्र नमूद करतो.

दुसरा दाखला खुसरोचा. १६२२ साली जहांगीराचा हा मुलगा बुऱ्हाणपुरात धाकटा भाऊ खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, याच्या कैदेत होता. खुर्रमने बापाला कळवले की भाऊ पोटशूळाने गेला. इतिहासकारांनी त्या पोटशूळावर कधी विश्वास ठेवलेला नाही. खून झाला असेच बहुतेकांचे मत. पण पोटशूळ म्हटले की उजव्या कुशीत खाली लोंबणाऱ्या त्या बोटभर आंत्रपुच्छाकडे संशयाची सुई वळते, म्हणून त्याचा इथे विचार करू. एका टोकाला बंद, अरुंद नळी. तोंड बुजले की आत सडणार. १७३५ साली लंडनमध्ये क्लॉडियस अमयांडने एका मुलाचे आंत्रपुच्छ कापून काढले. त्यात त्याला गिळलेली टाचणी सापडली. १९०२ साली याच्यापायी सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक ऐन वेळी पुढे ढकलावा लागला. मग उत्क्रांतीने हे पुसून का टाकले नाही? एक तर्क असा की नळी जितकी लहान आणि अरुंद, तितकी ती लवकर तुंबते. म्हणून पूर्ण नाहीसे होण्याच्या वाटेवर मधला प्रत्येक टप्पा आधीपेक्षा घातक. दुसरा, २००७ सालचा तर्क म्हणतो, जुलाबाने आतडे धुऊन निघाले की तिथे दडून राहिलेले उपकारक जंतू पुन्हा वस्तीला येतात. ज्या देशात पावसाळा म्हणजे पाणी उकळून प्यायचा काळ, तिथे हा दुसरा तर्क पटायला वेळ लागत नाही. खुसरोच्या प्रकरणात आंत्रपुच्छ निर्दोष आहे. बुऱ्हाणपुरात ज्याच्यावर खोटा आळ आला असा हा एकच अवयव.

तिसरा दाखला क्षुल्लक गोष्टींच्या प्रबंधात बसत नाही, पण टाळता येत नाही. १७ जून १६३१. खानजहान लोदीच्या बंडामुळे शहाजहान बुऱ्हाणपुरात आला होता. लग्नाला एकोणीस वर्षे झाली होती आणि मुमताज महलचे हे चौदावे बाळंतपण. मुलगी जगली. तिचे नाव गौहर आरा. ती १७०६ पर्यंत होती. आई गेली, रक्तस्रावाने, असे सर्वसाधारणपणे मानतात.

उभे राहून चालायचे तर कमरेचे हाडांचे कडे अरुंद आणि आटोपशीर हवे. डोक्यात मोठा मेंदू वाढवायचा तर तेच कडे रुंद हवे. या ओढाताणीला शेरवूड वॉशबर्न यांनी १९६० साली प्रसूतीचा पेच म्हटले. अलीकडे काही जण म्हणतात की बाळ ठरल्या वेळी बाहेर येते, कारण त्याला त्याहून अधिक पोसणे आईच्या शरीराला झेपत नाही. कारण कोणतेही असो, वाट वाकडी आहे. आत शिरताना ती आडवी रुंद आणि बाहेर पडताना उभी, त्यामुळे डोक्याला आतल्या आत वळावे लागते. बाळ बहुधा आईच्या पाठीकडे तोंड करून येते, म्हणून माकडिणीसारखे स्वतः हात घालून त्याला ओढून घेणे बाईला सोपे नसते. सुईण हा या अर्थी मानवी सांगाड्याचाच एक भाग आहे, फक्त तो दुसऱ्याच्या अंगावर असतो. त्यातून आपली वार गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांत खोल रुजते. ती सुटली की त्या उघड्या तोंडांना आवळून धरण्याचे काम गर्भाशयाच्या स्नायूंचे. फार बाळंतपणांनी हे स्नायू थकलेले असतील तर ते आवळत नाहीत. त्या काळच्या नामांकित हकिमांपैकी वझीर खान पदरी होता. पण या थकव्यावर बादशहाच्या खजिन्यातही औषध नव्हते. चौदांपैकी सातच मुले मोठी झाली, म्हणजे हा सगळा खटाटोप निम्म्या वेळा वाया गेला होता. तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत तिला तात्पुरते पुरले आणि त्याच वर्षी डिसेंबरात आग्र्याला नेले. ताजमहाल इथेच व्हायचा होता, असे बुऱ्हाणपुरात अजून सांगतात. आग्र्याला गेलेल्यांना ते पटत नाही.

चौथा दाखला तिच्याच मुलाचा. दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा निघालेला औरंगजेब १६५३च्या सुमारास बुऱ्हाणपुरात मावशीकडे गेला आणि तिथे त्याने हिराबाई नावाच्या दासीला पाहिले. एका हकीकतीत ती झैनाबादच्या बागेत उडी मारून आंबा तोडते. जदुनाथ सरकारांनी इंग्रजीत आणलेल्या ‘अहकाम-इ-आलमगिरी’त ती फांदी धरून मंद स्वरात गुणगुणते, आणि शहाजादा शुद्ध हरपून जमिनीवर कोसळतो. प्रबंधाला दुसरी हकीकत सोयीची आहे, म्हणून तीच प्रमाण.

इतिहासकारांनी इथे प्रेमाचा विषय काढला. खरा विषय आहे व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा. मेंदूतून निघून हा तंतू मानेतून छातीत आणि पोटात उतरतो. स्वरयंत्राला हुकूम पोचवणारी त्याची शाखा गळ्याजवळूनच फुटायला हवी होती. डाव्या बाजूची शाखा मात्र गळा ओलांडून छातीत जाते, महाधमनीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर गळ्याशी येते. बुऱ्हाणपूरहून नेपानगरला जायचे आणि तिकीट व्हाया भुसावळ काढायचे, तशातला हा प्रकार. माशाला मान नव्हती तेव्हा ही वाट सरळ होती. मान लांबत गेली तसा तंतू मुकाट्याने ताणला गेला. जिराफात हा फेरा काही मीटरांचा होतो. तेव्हा हिराबाईच्या प्रत्येक सुराचा हुकूम आधी तिच्या काळजाशेजारून फिरून आला, हे शरीरशास्त्राच्या दृष्टीने अक्षरशः खरे आहे. कवी असे म्हणतात तेव्हा आपण हसतो.

आणि समोर? मन एकाएकी हेलावले की हाच व्हेगस हृदयाला लगाम घालतो. ठोके मंदावतात, पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, आणि हृदयाच्या वर हातभर अंतरावर मांडून ठेवलेल्या मेंदूला रक्त पुरत नाही. मेंदू इतक्या उंचावर बसवणे हा कुंडी भंडाऱ्याच्या नियमाचा उघड भंग आहे. ज्या तंतूने तिच्या गळ्यातून सूर काढला, त्याच नावाच्या तंतूने त्याला पाडले.

एवढ्यावर ही घेरी मिनिटभरात उतरायला हवी होती. कोसळणे हाच तिचा उपाय: माणूस आडवा झाला की डोके हृदयाच्या पातळीला येते आणि रक्त आपोआप वाहू लागते, उताराच्या नियमाने. पण हकीकत सांगते की मावशी अनवाणी धावत आली, भाच्याला उराशी कवटाळून रडू लागली, आणि त्याला शुद्धीवर यायला काही घटका लागल्या. म्हणजे आडव्या झालेल्याला तिने पुन्हा उठते केले असावे. शहाजाद्याला सपाट झोपवावे, पाय उशीवर उंच ठेवावेत, आणि मावशीला कुणीतरी दराबा देऊन दुसऱ्या दालनात बसवावे.