ठेवपारखी

धर्माबादच्या मोंढ्यात मिरचीची आवक ऐन भरात असताना जो मनुष्य न शिंकता चार वाक्ये सलग बोलू शकतो, तो एक तर आडत्या असला पाहिजे, नाही तर आडत्याचा मुनीम. आणि आमच्या या चरित्रनायकाने उभी हयात या दुसऱ्या पदावर अशा निर्वेध रीतीने काढली की, दुकान सुटले, खतावणी सुटली, कमरेची किल्ली मालकाच्या नातवाच्या कमरेला गेली, तरी गावाने त्यांचा 'मुनीमजी' हा हुद्दा बेमुदत चालूच ठेवला आहे. रिकामपण आलेला मनुष्य कशात तरी मन रमवतो. कोणी पलीकडे बासरला जाऊन सरस्वतीच्या दारी बसतो, कोणी सुनेच्या फोडणीत लक्ष घालतो. मुनीमजींनी बँका पारखण्याचा छंद जोपासला, आणि तो इतक्या निष्ठेने, की नवी शाखा उघडली असता तिच्या दारावरचे झेंडूचे तोरण सुकण्यापूर्वी त्यांची पायधूळ तेथे झडलेली असते.

असा एक गृहस्थ मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी असतोच. त्याच्याजवळ पैसा फार असतो असे नाही. परंतु दुसऱ्याने आपला पैसा कोठे ठेवावा याविषयीचे मत अमाप असते. सकाळी स्टेशनरोडच्या हॉटेलात बशीत चहा ओतून घेतला की विचारणारे येतात. "मुनीमजी, यंदा कोन्त्या बँकेत ठेवू लालाव?" या प्रश्नाला मुनीमजी कधीही सरळ उत्तर देत नाहीत. ते आधी उलटतपासणी करतात. रक्कम कोणाची? मुदत किती? मध्येच मोडण्याचा प्रसंग येण्यासारखा आहे काय? आणि मग, बशी खाली ठेवून, आवाज उतरवून, चौथा प्रश्न: "घरात भांडण आहे का?" हा चौथा प्रश्न कोणत्याही बँकेच्या छापील अर्जात नाही, यावरून बँकांना माणसांविषयी किती थोडे कळते, असे त्यांचे म्हणणे आहे.

त्यांची परीक्षा पाहण्याचा योग मला एकदा आला. मोंढ्यात ते मिरची जशी देठ धरून कानाशी हलवीत आणि आतले बी खुळखुळले नाही तर मालात पाण्याचे वजन आहे असा निकाल देत, तशीच काहीशी कर्णपरीक्षा ते बँकेची करतात. आत शिरल्यावर फलकाकडे पाहावयाचे नाही; व्याजाचे दर तर मुळीच वाचावयाचे नाहीत. रोखपालाच्या खिडकीजवळच्या बाकावर बसून नोटा मोजण्याचे यंत्र किती वेळ फुरफुरते आणि शिक्का किती वेळा आपटतो, हे डोळे मिटून ऐकावयाचे. ज्या शाखेत यंत्रापेक्षा माणसांचाच आवाज अधिक, तेथे काम तुंबलेले असते; जेथे दोन्हींचा आवाज नाही, तेथे गिऱ्हाईक नसते. मग टेबलावरचे पेन उचलून पाहावयाचे. ते दोरीने बांधलेले असल्यास त्यांना विशेष वाईट वाटत नाही, दोरी लांडी असल्यास वाटते. कारण अर्ज भरण्यासाठी खातेदाराला काटकोनात वाकावयास लावणारी संस्था पुढे कर्ज देताना त्याला किती वाकवील, याचा अदमास त्यांना त्या दोरीवरून येतो. हे सर्व यथासांग झाल्यावर बचतखाते उघडून त्यात अगदी जुजबी रक्कम भरावयाची, आणि आठवड्याने जाऊन ती काढावयाची. "घेताना समदेच गोड बोलतात," ते म्हणतात, "देताना तोंड बघावं." बँकेने त्यांच्याकडे ओळखीचे दाखले मागावेत आणि त्यांनी त्याच वेळी बँकेची ओळख पटवून घेत असावे, असा हा दुतर्फा व्यवहार असतो.

हे वेड त्यांना वारसाहक्काने मिळालेले आहे. त्यांचे वडील निजामी अमलात मुनीमच होते, आणि त्या काळी या मुलुखात पैसा हीच मुळी एकजिनसी वस्तू नव्हती. निजामाचा हाली शिक्का वेगळा, इंग्रजांचा कलदार वेगळा. सात हाली रुपये मोजावेत तेव्हा सुमारे सहा कलदार पदरात पडावेत. ज्या घरात मूल बाराखडीच्या बरोबरीने हा सातास सहाचा हिशेब शिकले, त्या घरात रुपया म्हणजे रुपया इतक्या भाबड्या श्रद्धेने कोण बसणार! १९४२ साली हैदराबाद स्टेट बँकेचे दार उघडले, आणि पुढे तिच्या शाखा जिल्ह्या-तालुक्यांतून पसरल्या. धर्माबादेहून नांदेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उमरी लागते. तेथली बँक १९४८च्या जानेवारीत हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या सैनिकांनी लुटली, ही हकिकत या भागात पोराबाळांना ठाऊक आहे. परंतु तिचे मुनीमघराण्यातील तात्पर्य निराळे. त्या लुटीचा पैपैचा हिशेब लुटणाऱ्यांनी ठेवला होता असे जुनी माणसे सांगतात, आणि मुनीमजींच्या वडिलांना स्वातंत्र्याइतकेच त्या हिशेबाचे अप्रूप होते. "लुटलेल्या पैशाची बी वही होती," हे वाक्य मुनीमजी आजही एखाद्या बँकेच्या पासबुकात चार महिने नोंद उतरली नाही की व्यवस्थापकाला ऐकवतात. बिचारा व्यवस्थापक बदलून आलेला असतो. त्याला उमरी म्हणजे केवळ एक स्टेशन वाटते.

त्यांच्या विद्वत्तेचा सुवर्णकाळ मात्र बचतखात्यावर दहा तारखेचा नियम होता तोपर्यंतचा. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी नीचतम शिल्लक असेल, तीवर संपूर्ण महिन्याचे व्याज, असा तो नियम. सर्वसामान्य खातेदाराला त्याचा पत्ताच नसे. मुनीमजींनी त्यावर संसार उभारला. नऊ तारखेला दुपारी ते भरण्याच्या रांगेत दिसत, आणि पहिल्या तारखेला रक्कम काढून पुढचे आठ-नऊ दिवस ती मोंढ्यात हातउसनी फिरवीत. म्हणजे एकाच रुपयाने बँकेतही नोकरी करावी आणि बाहेरही. नऊ तारखेला रविवार आला तर आठलाच हजेरी. १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिलकेवर मोजले जाऊ लागले. सामान्यांच्या दृष्टीने तो न्याय झाला. मुनीमजींच्या दृष्टीने एक संपूर्ण शास्त्र एका परिपत्रकाने निकामी केले. त्यांनी काही काळ या घटनेचा शोक केला आणि नंतर सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात आश्रय घेतला. कारण त्या खात्यात पाच तारखेच्या आत भरणा झाला तरच त्या रकमेला त्या महिन्याचे व्याज मिळते, हा नियम अद्याप हयात आहे. तेव्हापासून ते चार तारखेला दिसतात.

आता यात हास्यास्पद काय आणि शहाणपणाचे काय, हे निवडणे सोपे नाही. त्यांची कारणे ऐकावीत तर हसू आवरत नाही, आणि निर्णय पाहावेत तर ते बहुधा बरोबर निघालेले असतात. काही वर्षांपूर्वी गावोगाव पतसंस्थांचे पेव फुटले तेव्हा राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा पाचसहा टक्के चढे व्याज पाहून चांगले शिकलेसवरलेले लोक भविष्याची पुंजी घेऊन धावले. अशाच एका संस्थेने मुनीमजींनाही सन्मानाने बोलावले, गादीवर बसवले आणि थंड पेय पाजले. ते पिऊन झाल्यावर बाटली खाली ठेवीत त्यांनी निकाल दिला, की येथे ठेवू नये. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "अजून एक पैसा ठेवला नाई तर एवढा थंडा, उद्या ठेवल्यावर कोणाच्या पैशाचा पाजतील?" हे काही अर्थशास्त्र नव्हे. परंतु ती संस्था बुडाली, संचालक परागंदा झाले, आणि ठेवीदार पावत्यांच्या झेरॉक्स घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू लागले, तेव्हा पतसंस्थेतील ठेवीला बँकठेवीसारखे विम्याचे संरक्षण नसते ही गोष्ट त्यांतील पुष्कळांना प्रथमच कळली. मुनीमजींना ती पाठ होती. त्यांनी केवळ थंड पेयाचे कारण पुढे केले, कारण विम्याचे कलम सांगितले असते तर कोणी ऐकले नसते.

या ठेवविम्याचे प्रकरण त्यांच्या तोंडून ऐकावे. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक अशा दोन बँका बुडाल्या, देशभर ठेवीदार हवालदिल झाले, आणि त्या धसक्यातून १९६२च्या आरंभी ठेवविमा आला. सुरुवातीला ठेवीदारामागे १५०० रुपयांचा. तो वाढत वाढत १९९३ साली १ लाखावर आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांवर गेला. हे ५ लाख मुद्दल आणि व्याज मिळून, आणि एका बँकेच्या सर्व शाखा मिळून. म्हणून मुनीमजी कोणत्याही बँकेत साडेचार लाखांच्या पुढे जात नाहीत. वरची जागा व्याजाला बसायला ठेवतात. गावात असा समज आहे की त्यांच्याजवळ पुष्कळ पैसा असल्यामुळे त्यांची पुष्कळ खाती आहेत. वस्तुस्थिती अशी की काही बँकांत साडेचार लाखांची जागा तयार आहे, रक्कम तेवढी यावयाची राहिली आहे.

या कायद्यातील एका बारकाव्यावर ते विशेष लुब्ध आहेत. विमा मोजताना खातेदाराचा हक्क आणि हैसियत पाहतात. तेव्हा संयुक्त खात्यात नावांचा क्रम बदलला की ते वेगळे खाते, आणि त्याला वेगळे संरक्षण. ही गोष्ट उमगल्याबरोबर त्यांनी एक खाते 'स्वतः आणि पत्नी' असे, तर दुसरे 'पत्नी आणि स्वतः' असे उघडले. लग्नाला इतकी वर्षे होऊन ज्या गृहात काकूंचे नाव शिधापत्रिकेवरसुद्धा दुसरे लागत असे, त्या गृहात ते प्रथम आले ते असे, ठेवविम्याच्या कृपेने. त्या खात्याचे पासबुक काकू स्वतःच्या ट्रंकेत ठेवतात आणि त्यातल्या रकमेसंबंधी मुनीमजींना काही विचारावयाचे असले तर जेवणानंतर, बऱ्या वेळी विचारावे लागते.

त्यांचे खरे वैर आहे ते एप्रिल महिन्याशी. मराठवाडा ग्रामीण बँक १९७६ साली नांदेडात निघाली, तेव्हा तरुणपणीच्या अभिमानाने त्यांनी तेथे खाते उघडले होते. २००९ साली ती महाराष्ट्र ग्रामीण झाली, आणि नावातला मराठवाडा गेला. तो घाव त्यांनी सोसला. परंतु हैदराबादची स्टेट बँक आणि भारतीय स्टेट बँक या दोहोंत त्यांच्या ठेवी जाणूनबुजून अलग ठेवलेल्या असताना १ एप्रिल २०१७ रोजी पहिली दुसरीत विलीन झाली, आणि मुनीमजींची दोन खळी एका रात्रीत एक झाली. पुढे निजामाबादला आंध्र बँकेत एक खाते राखले होते. १ एप्रिल २०२० रोजी ती युनियन बँकेत गेली. आपण बँक निवडावी आणि सरकारने ती दुसरीला द्यावी, असा हा अनुभव आल्यापासून मार्चअखेरीस ते वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचतात. एरवी ते बाजारभावापासून सुरू करतात.

अलीकडे खासगी बँकांतून गळ्यात पट्टा अडकवलेली, अदबशीर बोलणारी तरुण मुले घरी येतात. मुदतठेव करावयास गेलेला मनुष्य विम्याचा हप्ता भरून बाहेर पडतो, असे प्रकार ज्यांच्या घरात घडले आहेत त्यांना या अदबीचा अर्थ सांगणे नको. मुनीमजी त्या मुलाला पाणी देतात, चौकशी करतात, त्याचा पगार किती, त्याला दर महिन्याला किती 'टार्गेट' आहे हे काढून घेतात, आणि मग एक कोरा कागद पुढे सरकवून म्हणतात, "ही ठेव हाय का विमा हाय, एवढं मराठीत लिवून सही करा." आजवर कोणी केलेली नाही. एका मुलाने मात्र लेखणी उचलली, विचार केला, खाली ठेवली आणि स्वतःच्या वडिलांची निवृत्तीची रक्कम कोठे ठेवावी याचा सल्ला विचारला. त्याला चौथा प्रश्नही विचारण्यात आला.

बँकांचेही त्यांच्याविषयी एक मत आहे, पण ते त्यांच्या तोंडावर कोणी बोलत नाही. ज्या शाखेत मुनीमजींना खुर्ची मिळते त्या शाखेचे दोष त्यांना कमी दिसतात, असे एका जुन्या रोखपालाने मला हळूच सांगितले; आणि त्यात तथ्य असावे. पण आयुष्यभर गादीच्या कडेला बसून दुसऱ्याच्या लाखोंच्या पट्ट्या फाडलेल्या माणसाला 'या, बसा' या दोन शब्दांचा भाव कळत असेल, तर मी तरी त्याला बोल लावणार नाही.

सध्या ते एका नव्याच उद्योगात गढलेले आहेत. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला एकाऐवजी चार नॉमिनी नेमता येतात आणि प्रत्येकाचा हिस्सा टक्केवारीने ठरवता येतो. पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी, असे मोजून चार जण घरात. तेव्हा हा कायदा दिल्लीत कोणीतरी त्यांचाच विचार करून केला असावा, याविषयी त्यांची खात्री आहे. अर्ज आणलेला आहे, नावे शाईने लिहिलेली आहेत. धाकट्या सुनेने परवा चहा थंड दिला, आणि त्याच संध्याकाळी थोरल्याने न सांगता पायाला तेल चोळून दिले. टक्केवारी पेन्सिलीने घातलेली असून खोडरबर बंडीच्या खिशात आहे.