भोक एकदाच पडतं

पूर्वेचा वारा सुटला की इंदिरा गांधी विमानतळावर उतरणारी विमानं आमच्या द्वारकेच्या डोक्यावरून जातात. बाकीचे लोक तेवढ्यापुरता टीव्हीचा आवाज वाढवतात. आमचे काका चहाचा कप घेऊन बाल्कनीत येतात आणि मान वर करून विमानाचं पोट बघतात. आत माणसं किती, विमान कुठून आलं, कुठल्या कंपनीचं, यात त्यांना रस नसतो. पोटाखाली उगवलेली ती वीतभर पाती कुठे बसवली आहेत, एवढं बघायचं आणि "हं" म्हणून आत जायचं. "हं" लांबलं तर समजावं, काकांनी ते पातं अर्धा फूट मागे घेतलं असतं.

काका मूळचे साताऱ्याचे. विमानांच्या रेडिओचं काम करण्यात सगळी नोकरी दिल्लीत गेली. आता निवृत्त आहेत, पण हरियाणातल्या एका फ्लाइंग क्लबात लहान विमानांवर अँटेना कुठे लावायचा हे सांगायला त्यांना बोलावतात. सोसायटीतली पोरं त्यांना 'अँटेना अंकल' म्हणतात. आम्ही मराठी घरं नुसतं 'काका' म्हणतो. काकू काहीच म्हणत नाहीत, त्या भिंतीकडे बघतात. भिंत कोरी आहे. सासूबाईंचा फोटो, घड्याळ, पंढरपूरहून आणलेला विठोबा, सगळे फ्लॅट घेतल्यापासून जमिनीवर भिंतीला टेकून उभे आहेत, कारण खिळा कुठे मारायचा हे अजून ठरायचं आहे.

"भोक एकदाच पडतं," हे काकांचं पहिलं वाक्य. दुसरं, "आधी खालून बघू." तिसरं नाही, कारण तिसऱ्या वाक्यापर्यंत ते जमिनीवर पाठ टेकून आडवे झालेले असतात.

मी त्यांना हँगरमध्ये काम करताना पाहिलंय. क्लबाच्या सेसना १७२ वर दुसरा रेडिओ चढवायचा होता. डिसेंबरचं धुकं, उड्डाणं बंद, त्यामुळे सगळेच मोकळे. आणि मोकळा माणूस सल्ला दिल्याशिवाय राहत नाही. इन्स्ट्रक्टर म्हणाला, "ऊपर लगाओ, टॉवर अच्छा सुनेगा." मॅनेजर म्हणाला, "नीचे लगाओ, दिखेगा नहीं." मेकॅनिकचं एवढंच म्हणणं होतं, की आतून जिथे हात पोचेल तिथे लावा, छतावर लावायचा तर केबिनचं आतलं अस्तर उतरवावं लागतं, आणि उतरवलेलं अस्तर पुन्हा सरळ बसलेलं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

काकांनी कुणालाच उत्तर दिलं नाही. झोळीतून पुठ्ठ्याची कापलेली पाती काढली, मास्किंग टेप काढला, आणि दाढीचा एक जुना आरसा, फटीतून आत बघायला. मग पत्र्यावर बोटाच्या पेराने वाजवत निघाले. टक, टक, ठक. "इथे स्ट्रिंगर आहे, कापायचा नाही." टक, टक. "पंखात पेट्रोलची टाकी, तिकडे बघायचंही नाही." पुठ्ठ्याचं पातं एका जागी चिकटवायचं, दहा पावलं मागे जायचं, डोकं कलतं करून पाहायचं, परत येऊन चार बोटं सरकवायचं. मुलगी बघायला गेलेल्या मंडळींनीही एवढा वेळ लावला नसता.

मधूनच शिकाऊ पोरांची शिकवणी चाले. "बेटा, बोलायच्या रेडिओचा, कॉमचा, अँटेना म्हणजे पाव तरंग. १२७ मेगाहर्ट्झला किती?" पोरं मोबाइल काढत. काका हातानेच दाखवत, दोन फुटांना जरा कमी. "आणि पाव तरंग एकटा काही कामाचा नाही. त्याच्या पायाशी चारी बाजूंना तेवढाच पत्रा लागतो, तोच ग्राउंड प्लेन. अर्धं काम पत्रा करतो आणि नाव अँटेनाचं होतं." हे वाक्य काकू घरात असल्या की ते म्हणत नाहीत.

लहान विमानाची खरी अडचण म्हणजे जागा थोडी आणि मानकरी फार. जीपीएसला डोक्यावर मोकळं आकाश हवं. दिशा दाखवणाऱ्या व्हीओआरला शेपटीच्या उभ्या पंखावर आडवा 'व्ही' हवा. रडारला उत्तर देणाऱ्या ट्रान्सपाँडरचा जेमतेम बोटभर अँटेना पोटाखाली, आणि तिथे इंजिनाच्या नळीतून उडणारं तेल येऊन बसतं. काका ते स्वतःच्या रुमालाने पुसतात आणि रुमाल काकूंकडे धुवायला टाकतात. त्यातून कुणाचं कुणाशी पटत नाही. कॉमवर १२१.१५ ला बोलायला लागलात की त्याची तेरावी पट जाते १५७४.९५ वर, आणि जीपीएस ऐकत असतो १५७५.४२ वर. म्हणजे दाराशीच. म्हणून या दोघांना जमेल तेवढं लांब ठेवायचं. ट्रान्सपाँडर आणि अंतर मोजणारा डीएमई यांची पट्टी जवळजवळ एकच, त्यामुळे एक बोलत असताना दुसऱ्याचं तोंड बंद ठेवायला दोघांत वेगळी तार ओढावी लागते. ही तार काकांना फार प्रिय आहे. सोसायटीच्या जनरल बॉडी मीटिंगमध्ये अध्यक्ष आणि खजिनदार एकदम बोलायला लागले, की ते माझ्याकडे वळून हळूच म्हणतात, "सप्रेशन लाइन टाकायला हवी."

त्या सेसनाचं उत्तर त्यांना पहिल्या पाच मिनिटांतच माहीत होतं. पहिला रेडिओ वर, म्हणजे दुसरा खाली. जमिनीवर असताना वरचा कामाला येतो, हवेत गेल्यावर खालच्याला खाली काही आड येत नाही. आणि पोटाखाली सरळ दांडी जमिनीला फार जवळ येईल, म्हणून मागे वाकलेली. पण उत्तर माहीत असणं आणि ड्रिल हातात घेणं यांच्या मध्ये काकांचा एक आख्खा ऋतू जातो. विमानाला मनाला येईल तिथे भोक पाडता येत नाही, हे खरंच आहे. मंजूर झालेला नकाशा लागतो, आतून दुहेरी पत्र्याचं ठिगळ लागतं, वजनाचा कागद नव्याने करावा लागतो. त्यासाठी विमानखात्याच्या, म्हणजे डीजीसीएच्या, कचेरीत जायचं, सफदरजंग विमानतळासमोर. या कामाला बाकीचे कुरकुरत जातात. काका इस्त्रीचा शर्ट घालून जातात.

कारण येताना भिंतीपलीकडचं ते जुनं मैदान दिसतं. १९२९ चं विलिंग्डन एअरफील्ड ते हेच. दिल्ली फ्लाइंग क्लब त्याहून एका वर्षाने थोरला. तिथे आता शिकाऊ विमानं उडत नाहीत, पण काका रस्त्यात उभे राहून कुठलं विमान कुठे उभं असायचं ते दाखवतात, आणि मागून ऑटोवाला हॉर्न वाजवतो. एकदा जेआरडी टाटांचा विषय निघाला. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी कराचीहून जुहूला टपाल आणलं, त्या पस मॉथमध्ये रेडिओच नव्हता. मी म्हटलं, केवढं धाडस! काका म्हणाले, "धाडस कसलं? सुखी माणूस. अँटेना कुठे लावायचा हा प्रश्नच नाही."

कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांचं विमान २०१६ मध्ये मुंबईत 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ठेवलं, तेव्हा आमच्या मराठी ग्रुपवर अभिमानाचा पूर आला. टाळ्या, तिरंगे, नमस्कार. काकांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, बराच वेळ पाहिला आणि लिहिलं, "खालून काढलेला फोटो आहे का कुणाकडे?"

अशी माणसं घरात असली की त्रास होतो हे मान्य. पण गणपतीत मंडपातला कॉर्डलेस माइक आरतीच्या ऐन भरात खरखरायला लागतो, तेव्हा सगळ्यांच्या माना त्यांच्याकडेच वळतात. ते उठतात, लोखंडी कपाटामागे दडवलेला रिसीव्हर उचलून स्टुलावर ठेवतात, चार बोटं डावीकडे सरकवतात आणि जागेवर येऊन टाळ्या वाजवायला लागतात. भोक पाडायचं नसलं की त्यांचा निर्णय एका मिनिटात होतो.

सेसनाचं भोक शेवटी फेब्रुवारीत पडलं. ड्रिल मेकॅनिकने चालवलं. काका पाठ करून उभे होते. मग मात्र पुढे होऊन त्यांनी भोकाभोवतीचा रंग स्वतः खरवडला, उघड्या पत्र्यावर मीटर लावला, कडेने सीलंट फिरवलं, आणि पेंटरला बजावलं, की या पात्यावर रंगाचा थेंब पडला तर बघ. टॉवरशी बोलून झाल्यावर इन्स्ट्रक्टर आतून ओरडला, "फाइव्ह बाय फाइव्ह!" काका "हं" म्हणाले. आखूड.

आता क्लबाने नवं विमान घ्यायचं काढलंय, फायबरच्या अंगाचं. म्हणजे पत्राच नाही, ग्राउंड प्लेन आतून आपण पसरायचा. ही बातमी आली त्या रात्री काकांना झोप लागली नाही. सकाळी ते जेवणाच्या टेबलावर ॲल्युमिनियम फॉइलचे दोन-दोन फुटांचे चौकोन कापत बसले होते. दुपारी काकूंनी मला डबा दिला, पोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या.

"फॉइल संपलं," त्या म्हणाल्या. "आणि जाताना तेवढा विठोबा उचलून खुर्चीवर ठेव, त्याखाली त्यांची पट्टी अडकलीये."