घाटावरचा जावई

बुलढाणा जिल्ह्यात दोन प्रकारची माणसं राहतात, घाटावरची आणि घाटाखालची. घाटाखालच्यांकडं मुंबई-नागपूर रेल्वे आहे, शेगावचे गजानन महाराज आहेत, कापूस आहे आणि ऊन आहे. घाटावरच्यांकडं हवा आहे. ‘आमच्याकडची हवा’ असं घाटावरचा माणूस ज्या अभिमानानं म्हणतो, तो पाहता ती त्यानं स्वतः पेरून, निंदून, खुरपून पिकवलेली असावी.

माझी सासुरवाडी चिखलीची, म्हणजे घाटावरची. सासूबाईंची धाकटी बहीण धाडला दिलेली. (गावाच्या नावावरून तुम्हाला जे विनोद सुचताहेत ते सगळे गावानं ऐकलेले आहेत.) धाड नुसतं घाटावर नाही, विदर्भाच्या अगदी काठावर आहे. थोडं पुढं गेलं की जालना जिल्हा, म्हणजे मराठवाडा. 1948 पर्यंत त्या बाजूला निजामाचं राज्य होतं. या बाजूचं वऱ्हाडही कागदोपत्री त्याचंच, पण फौजेच्या खर्चाची थकबाकी फिटेना म्हणून 1853 मध्ये त्याला ते इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. आमचे मावससासरे ही गोष्ट कालच कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात घडल्यासारखी सांगतात. “उधारी वाईट,” एवढंच त्यांचं इतिहासावर भाष्य असतं. सोयरिकींनी मात्र ही सरहद्द कधी मानली नाही. मावशींची थोरली सून भोकरदनकडची, धाकटी मोताळ्याची. एक मराठवाड्याची, एक घाटाखालची आणि मध्ये मावशी. अशा या घरी आम्ही होळीला निघालो.

संभाजीनगरहून निघालेल्या एसटीत कंडक्टरनं आमच्या कुटुंबाची छाननी केली. बायकोचं तिकीट अर्धं, कारण मार्च 2023 पासून राज्यातल्या सगळ्याच बायकांचं अर्धं. मुलाचं अर्धं, कारण तो अजून बाराचा झालेला नाही. बायकोच्या आजीचं काहीच नाही, कारण पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून प्रवास फुकट. पूर्ण पैसे मोजणारा गाडीत मीच दिसत होतो आणि उभाही मीच होतो. फुकटात खिडकी मिळालेल्या आजीनं माझ्याकडं करुणेनं पाहिलं. “जावई, एवढे पैसे देऊन उभे काहून हो तुम्ही?”

होळीच्या सुमाराला पिंपळगाव सराईला सैलानी बाबांची यात्रा भरते. तिथं नारळांची होळी पेटते आणि मराठवाड्यातून माणूस लोटतो. त्यामुळं गाडीत माणसांइतकेच नारळ होते, आणि नारळांना बसायला जागा होती. माझ्या दोन्ही बगलांखालून दोन गृहस्थ जालना-जळगाव रेल्वेवर बोलत होते. 174 किलोमीटरच्या या मार्गाला केंद्रानं 2024 च्या ऑगस्टमध्ये मंजुरी दिली. तो भोकरदनवरून जाणार म्हटल्यावर दोघांना घाई झाली होती. रूळ पडायचे होते, पण स्टेशनासमोरची चहाची टपरी कोणाच्या पुतण्यानं घ्यायची यावरून दोघांत अबोला धरण्याइतपत मजल गेली होती.

मी घरून कागदावर बेत आखून नेला होता. अजिंठ्याची लेणी, लोणारचं सरोवर, मढजवळ बुधनेश्वराला पैनगंगेचा उगम. नकाशावर धाडवरून हे सगळं हाताशी दिसतं. रात्री जेवताना मी तो कागद मावससासऱ्यांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो निवाड्यासारखा वाचला.

“अजिंठा सोमवारी बंद असतो.”

“पण उद्या मंगळवार आहे.”

“म्हणजे आजचे सगळे लोक उद्या येतील.” त्यांनी घास गिळला. “लोणारचं काय पाहायचं? 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं, तवा यायचं ना. आता परत हिरवं झालं.”

“आणि पैनगंगेचा उगम?”

“मार्चात उगमाला पाणी कुठं राहतं, बाप्पा?”

तीन उत्तरांत माझं पर्यटन आटोपलं. त्यांनी कागदाची घडी करून परत दिली. “त्यापेक्षा उद्या नानांकडं चहाला जाऊन येऊ. समोरच राहतात.”

समोर म्हणजे खरोखर समोर, गल्ली ओलांडली की. पण धाडला अंतर पावलांनी मोजत नाहीत, कपांनी मोजतात. नानांकडचा चहा घेऊन निघालो तर शेजारच्या काकू दारात उभ्या. “त्यांच्याकडं घेता अन् आमच्याकडं काहून नाही?” या प्रश्नाला अजून कोणी उत्तर शोधलेलं नाही. ‘अर्धा कप’ म्हटलं की बशीत सांडेपर्यंत भरून येतो. ‘साखर कमी’ म्हटलं की तब्येतीची चौकशी सुरू होते, आणि तिच्यात आणखी एक चहा जातो. मधुमेह असल्याची थाप मी मारून पाहिली. त्यावर एका आजोबांनी आपल्याही साखरेचे आकडे तारीखवार सांगितले आणि आतल्या बाजूला पाहून म्हणाले, “दोन कप आण गं, दोघांलाही तेच हाय.” गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचलो तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली होती. माझ्या आजवरच्या प्रवासात इतक्या कमी अंतराला इतका वेळ लागलेला नाही, आणि मी पुण्यात राहतो.

घरी आलो तर अंगणात कुरडयांचा कारखाना. मार्चचं ऊन चढायला लागलं की घाटावर काय, घाटाखाली काय, बायकांचे हात शिवशिवतात. गहू तीन दिवस भिजत घातलेला, रोज पाणी बदललेलं, मग वाटून, गाळून रात्रभर ठेवलेला. वरचं पिवळसर पाणी अलगद ओतून दिलं की तळाशी उरतो तो पांढराशुभ्र, खडूसारखा घट्ट चीक. चुलीवरच्या पातेल्यात हिंग-मिठाचं पाणी खळखळत होतं. थोरली सून त्यात पाण्यात कालवलेला चीक एका धारेनं सोडत होती आणि धाकटी दोन्ही हातांनी लाकडी दांडा फिरवत होती. हात क्षणभर थांबला की गाठ झालीच. दुधासारखा पांढरा चीक बघता बघता जड झाला, काचेसारखा चकाकायला लागला आणि दांड्याला सोडीना. मावशींनी ओल्या बोटानं त्याला टिचकी मारली, बोटाला काही चिकटलं नाही, आणि “उतरवा,” म्हणाल्या. एखाद्या कारखान्याच्या मुख्य अभियंत्यानंही इतक्या कमी शब्दांत काम भागवलं नसतं.

मग तंटा. चीक खायचा कशाशी? थोरली म्हणाली, कच्चं तेल आणि तिखट. धाकटी म्हणाली, दूध-साखर, नाहीतर काय. दोघींनी वाटी भरून माझ्यापुढं धरली. मी दोन्ही खाल्ल्या आणि दोन्हींची सारखी स्तुती केली. निजाम आणि इंग्रज दोघांशी जुळवून घेणाऱ्या वऱ्हाडाचं दुःख मला त्या क्षणी समजलं.

कुरडया गच्चीवर जुन्या साड्यांवर घातल्या गेल्या आणि राखणीला जावई नेमला गेला. हातात वेताची काठी, डोक्यावर टॉवेल. कावळे, खारी आणि आमचा मुलगा असे तीन शत्रू. पैकी कावळ्यांना काठीचा धाक होता. वरून सारं गाव दिसत होतं. गव्हाच्या रानांतून मळणीयंत्रांचा पिवळा धुरळा उठत होता, कांद्याचे डेंगळे बियाण्यासाठी पांढरे गोंडे घेऊन उभे होते आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेत कुठंकुठं पळस पेटलेला होता. तेवढ्यात जिन्यावर कपबश्या वाजल्या. जावई खाली सापडत नाही म्हणून गल्लीतल्या मंडळींनी चहा वर आणला होता.

होळीच्या संध्याकाळी पुरणपोळ्या झाल्या. मुलाच्या गळ्यात साखरेच्या गाठींची माळ पडली आणि होळी पेटायच्या आत नुसता दोरा उरला. गोवऱ्यांच्या उजेडात मावससासरे माझ्याजवळ सरकले.

“बीड जिल्ह्यात केज तालुक्यात विडा नावाचं गाव हाय. ठाऊक हाय?”

“नाही.”

“धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून गावभर मिरवतात. गळ्यात खेटरांची माळ. मग नवे कपडे करतात, मान देतात. कैक वर्षांची रीत हाय. जावई आधीच लपून बसतात, मग गावची पोरं हुडकायला निघतात.”

मी हसलो. ते हसले नाहीत.

“आपल्याकडं तसं काही नाही ना?” मी विचारलं.

“छे छे.” त्यांनी होळीत एक गोवरी सारली. “गाढवच मिळत नाही आजकाल.”

धुळवडीला उजाडायच्या आत मी आपणहून राखणीला गेलो. माझी ही कर्तव्यबुद्धी पाहून मावशींचे डोळे भरून आले. दहाच्या सुमारास गल्लीत हलगी वाजली, “जावई कुठंय, जावई?” असा पुकारा झाला आणि जिना दणाणला. पुढं दोघी सुना, मागं नाना, त्यांच्यामागं रंगाच्या बादल्या घेतलेली गल्ली. मी काठी उगारली. कावळ्यांना जो धाक होता तो माणसांना नव्हता. पहिली बादली उचलली गेली तोच खालून मावशींचा आवाज आला, “कुरडयांवर एक थेंब पडला तर पाहा!”

गल्ली जागच्या जागी थिजली. बादली खाली ठेवली गेली. नानांनी पुढं होऊन, कुरडयांना वळसा घालून, चिमूटभर गुलाल माझ्या कपाळाला लावला आणि माणसं पाय न वाजवता उतरून गेली. त्या दिवसापासून माझ्यापुढं तळलेली कुरडई आली की मी आधी हात जोडतो.

निघताना बायकोची ओटी भरली. मला टोपी, टॉवेल, नारळ मिळाला आणि मांडीवर पत्र्याचा डबा आला, गळ्यापर्यंत कुरडयांनी भरलेला. गाडीत या वेळी बसायला मिळालं. शेजारी भोकरदनला उतरणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि न विचारता झाकण उघडलं. एक कुरडई उन्हाकडं धरून त्या म्हणाल्या, “चीक जरा कच्चा उतरवला बघा. आमच्याकडं असं नसतं.”

बायको पुढच्या बाकावरून गर्रकन वळली. “तुमच्याकडं म्हणजे?”

गाडीत उभे दोन तट पडले. धाडला चढलेले आमच्या बाजूनं, भोकरदनला उतरणारे बाईंच्या. आजी, जिचं तिकीट नव्हतं, सर्वांत मोठ्यानं बोलत होती. अखेर कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. त्यानं डब्यातली एक कुरडई मोडली, कच्चीच दाताखाली धरली आणि डोळे मिटून बराच वेळ चावली. सगळी गाडी त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली.

“मीठ बरोबर हाय,” तो म्हणाला, उरलेला तुकडा खिशात टाकला आणि घंटीची दोरी ओढली.