पोटातला ईटीपी

बोईसरच्या एमआयडीसीत मी अ‍ॅसिड मारायचं काम करतो. औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात जे पाणी वापरून झालेलं असतं, ते आमच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, म्हणजे ईटीपीत येतं. त्यात कालवलेला चुना सोडायचा, ढवळायचं, पीएच बघायचा. साडेपाच ते नऊच्या आत आकडा आला की पाणी पुढे सोडायचं, नाहीतर आणखी चुना. नोकरीची इतकी वर्षं यात गेली आणि त्यातली बरीचशी छातीत जळजळ घेऊन गेली.

माणसाच्या जठरातल्या रसाचा पीएच दीड-दोनच्या आसपास असतो आणि तो रोज दीड-दोन लिटर तयार होतो. हे कळल्यापासून मला प्रदूषण नियंत्रण मंडळाची धास्ती वाटते. उद्या कुणी माझ्या पोटाचं सॅम्पल नेलं तर क्लोजर नोटीस ठरलेली.

बरं, तिथे असतं कुठलं अ‍ॅसिड? तर हायड्रोक्लोरिक. विल्यम प्राउट नावाच्या इंग्रज डॉक्टरने हे १८२४ साली छापून सांगितलं. तेच एचसीएल आमच्या गेटवर टँकरने येतं तेव्हा गमबूट, एप्रन, गॉगल, हातमोजे घातल्याशिवाय पाइपला हात लावायची परवानगी नसते. पोटाला निदान आतून चिकट अस्तर असतं. वरच्या अन्ननलिकेला तसलं काही संरक्षण नाही, बिचारी उघड्या अंगाने कामावर. दोघांच्या मध्ये स्नायूंची एक झडप असते, ती ढिली पडली की खालचं वर येतं. डॉक्टरांनी मला हे चित्र काढून दाखवलं. ते चित्र मी आमच्या मेन्टेनन्सच्या फिटरला दाखवलं. त्याने चष्मा वर केला आणि म्हणाला, "साहेब, एनआरव्ही पासिंग आहे. लाइन बंद करून बदलायला लागंल."

म्हणजे उलटा प्रवाह अडवणारी झडप गळतेय. डॉक्टरांचं म्हणणं याहून वेगळं नव्हतं, फी मात्र वेगळी होती.

आता उपायांचं बघा. २०१३ साली चर्चगेटच्या लोकल डहाणूपर्यंत आल्या. त्याचा मोठा फायदा म्हणजे वैद्यांची संख्या वाढली. मी पालघरला चढतो, मध्ये एक उमरोळी, मग बोईसर. एवढ्या अंतरात मला करपट ढेकर आला, तर उतरेपर्यंत तीन वेगळ्या पॅथींचा सल्ला झालेला असतो. सफाळ्याचे काका थंड दूध सांगतात. दुधाने दहा मिनिटं गार वाटतं खरं, पण मग पोट त्या दुधासाठी नवं अ‍ॅसिड सोडतं. केळव्याच्या एक ताई आमसुलाचं सार प्या म्हणतात, म्हणजे आंबटावर आंबट; पण त्यांच्यासमोर पीएचचा विषय काढण्याची माझी छाती नाही, जळत असली तरी. सातपाटीचा एकजण मासळीविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही. "पापलेटानं कुणाला पित्त झालंय का? तुमच्या घरचा मसाला बदला." यात तथ्य आहे. बोंबील निर्दोष असतो. त्याच्यावरचं तेल, चिंच आणि लाल तिखट हे खरे आरोपी.

एकाने फसफसणारी पुडी दिली. सोडा आणि अ‍ॅसिड एकत्र आले की काय होतं हे मला कुणी शिकवायला नको. टाकीत सोडा अ‍ॅश घाईने ओतली की फेस काठावरून बाहेर येतो. बोईसर स्टेशनच्या जिन्यावर माझं तेच झालं. गुलाबी पातळ औषध त्यामानाने सभ्य. अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचं हायड्रॉक्साइड, म्हणजे आमच्या चुन्याची चुलत भावंडं.

डब्यातला प्रत्येकजण मला काय खाता हे विचारायचा. किती वाजता खाता, असं विचारणारे पहिले आमचे डॉक्टर. खरं दुखणं तिथेच होतं. नाइट शिफ्टला रात्री दोनला कॅन्टीनचा वडा आणि कडक चहा. सकाळी सातला सुटायचं, शेअर रिक्षात खड्डे खात स्टेशन गाठायचं, घरी भूक लागलेली म्हणून तांदळाची भाकरी नि सुक्या जवळ्याची चटणी पोटभर, आणि लगेच आडवं. भरलेली टाकी आडवी केल्यावर पासिंग व्हॉल्व्हने आणखी काय करावं?

डॉक्टरांनी गोळी दिली ती जठरात अ‍ॅसिड सोडणारे पंप बंद करणारी. हे मला मनापासून पटलं. शेवटी चुना ओतत बसण्यापेक्षा मुळातच अ‍ॅसिड कमी निघालं पाहिजे, हे आमच्या धंद्यातलं पहिलं तत्त्व. १९८८ साली या जातीची पहिली गोळी बाजारात आली. पोटातले हे पंप जेवण आलं की चालू होतात, म्हणून गोळी खाण्याच्या अर्धा तास आधी पोटात असावी लागते. आमच्या लायनीवर ती सर्रास बटाटेवड्यानंतर चहाबरोबर घेतली जाते आणि मग गोळीलाच नावं ठेवतात. मला ती ठरावीक मुदतीपुरती होती, पुढे डॉक्टरांनीच कमी करत आणली.

बाकीचं काम विटांनी केलं. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून सहा-आठ इंच चढ द्यायचा. "अहो, मी रात्रभर पायथ्याकडे घसरतेय," ही घरातली पहिली प्रतिक्रिया. शेजारच्या भाऊंना वाटलं वास्तुशास्त्र. "पूर्वेला उंच करायचं का?" मी काही बोललो नाही. त्यांनीही पलंग उचलला आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या मुलाला नोकरी लागली. आता आमच्या बिल्डिंगमध्ये विटांना मागणी आहे.

शिवाय डाव्या कुशीवर झोपायचं; तसं झोपलं की जठर झडपेच्या खाली राहतं. नाइटनंतर वाडा कोलमची मऊ पेज घेतो आणि दोन-अडीच तास खुर्चीत बसून पेपर वाचतो, त्यामुळे राशिभविष्यही पाठ व्हायला लागलंय. पोट जरा उतरलं, तशी जळजळ आणखी उतरली. व्हॉल्व्ह अजून तोच आहे. रविवारी चिंचेचं कालवण झालं की पासिंग होतंच, आणि मी ते दुपारी खातो, रात्री नाही.

तुम्हालाही आठवड्यातून दोन-तीनदा घशाशी येत असेल तर डब्यातल्या वैद्यांचं ऐका, करमणूक होते. पण डॉक्टरांना दाखवा. घास अडकत असेल, शौचाला काळी होत असेल, वजन आपोआप घटत असेल, तर आजच. आणि जळजळीबरोबर दरदरून घाम फुटला, हात किंवा जबडा दुखायला लागला, तर पुडी शोधत बसू नका. रिक्षा बोलवा, हॉस्पिटल गाठा आणि आधी ईसीजी काढा.