यजमान-मीमांसा, अर्थात ४३ अडकित्त्यांच्या बिऱ्हाडाचा प्रश्न

जुने शास्त्रकार ग्रंथाच्या आरंभीच चार गोष्टी सांगून मोकळे होत: विषय काय, प्रयोजन काय, दोहोंचा संबंध काय आणि वाचायचा अधिकार कोणाला. ही शिस्त सुटली आणि प्रस्तावना लांबल्या. तर प्रस्तुत ग्रंथाचा विषय वेब होस्टिंग. प्रयोजन, आजोबांकडून आलेले ४३ अडकित्ते जगाला दिसावेत. संबंध असा, की अडकित्ते कपाटात आहेत आणि जग कपाटात मावत नाही. अधिकारी म्हणाल तर ज्याने आयुष्यात एकही वेबसाइट काढलेली नाही आणि ज्याला दर रविवारी फोन करून पिडायला एक भाचा आहे, असा कोणीही.

प्रथम शब्दविचार. होस्टला मराठीत यजमान म्हणतात आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. यजमान म्हणजे मुळात यज्ञ करवणारा, म्हणजे खर्च सोसणारा. दक्षिणा भटजींच्या पदरात. पुढे ज्याच्या घरी पंगत तो यजमान झाला, आणि त्याहीपुढे ‘आमचे यजमान बाहेरगावी गेलेत’ म्हणणाऱ्या घराघरांतला नवरा. तिन्ही अर्थांत पैसे यजमानाचेच जातात. होस्टिंगच्या धंद्यात मात्र स्वतःला होस्ट म्हणवणारी कंपनी पैसे घेते आणि पाहुणा ते भरतो. शब्दार्थाला धरून चालायचं तर यजमान आपण; कंपनी फार तर भटजी, तोही चार वर्षांची दक्षिणा आगाऊ मागणारा.

आता वस्तुविचार. सगळा डामडौल बाजूला सारला तर सर्व्हर म्हणजे कधीही बंद न होणारा आणि जाळ्याला जोडलेला कॉम्प्युटर, इतकंच. १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातली पहिली वेबसाइट ज्या यंत्रावर ठेवली, त्या नेक्स्ट कंपनीच्या काळ्या डब्यावर लाल शाईने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवलेली होती: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नये. माझ्या मते होस्टिंगचं मूळ सूत्र ते, नंतरचं सगळं भाष्य. म्हणून मीही घरच्या जुन्या लॅपटॉपवर मराठीत तशीच चिठ्ठी लावली आणि तो ओट्याजवळच्या प्लगला जोडून ठेवला. बॅटरी त्याची कधीच गेलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला चटणी वाटायची होती आणि प्लग मिक्सरला गेला. चिठ्ठी वाचली नाहीस का, असं विचारल्यावर आमच्या सौभाग्यवतींचं उत्तर आलं, “वाचली की. पण मी बंद कुठे केलं? नुसतं काढलं.” भाच्याने निकाल दिला, की मिक्सर नसता तरी उपयोग नव्हता. घरगुती इंटरनेटला बहुधा कायमचा पत्ता नसतो. कित्येकदा तर शेकडो गिऱ्हाइकं एकाच सार्वजनिक पत्त्याआड बसवलेली असतात. “मामा, बाहेरून येणाऱ्याला तुमचं दारच सापडणार नाही.”

तेव्हा पत्त्याचं प्रकरण. इंटरनेटवर दाराला आकडी पत्ता असतो. जुन्या, अजूनही चालू असलेल्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात; माणशी एक म्हटलं तरी पुरत नाहीत. आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून नावं आली, म्हणजे डोमेन. आधी अख्ख्या जाळ्याची नावं अमेरिकेत एका संशोधन संस्थेच्या एकाच फाइलीत, तलाठ्याच्या दप्तरासारखी असत. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी हे दप्तर जगभर वाटून द्यायची युक्ती काढली. तिला डीएनएस म्हणतात. नवशिक्याने यातून एवढंच उचलावं, की नाव वेगळं आणि खोली वेगळी. खोली बदलली तरी नाव राहतं, दप्तरातला आकडा तेवढा बदलतो. पण नाव आपल्या हातात असेल तरच! परिचयातल्या एका संस्थेने वेबसाइट करून देणाऱ्या मुलावरच सगळं सोपवलं. त्याने नाव स्वतःच्या ईमेलवर नोंदवलं, यथावकाश त्याचं लग्न झालं, तो आखातात गेला आणि नूतनीकरणाची स्मरणपत्रं कुणीही न उघडणाऱ्या त्या ईमेलवर येत राहिली. आज त्या नावावर जुगाराची जाहिरात आहे आणि संस्थेच्या पावतीपुस्तकावर अजून तेच नाव छापलेलं आहे.

नाव विकत घेतलं असंही कुणी म्हणू नये. ते भाड्याचं, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांचं. मला आधी मराठीतच नाव हवं होतं. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ मिळतं, ही अभिमानाची गोष्ट. पण डीएनएसला देवनागरी कळत नाही, म्हणून यंत्राच्या पोटात त्या ‘भारत’चं ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ होतं. हे वाचल्यावर मी दोन दिवस कुणाशी नीट बोललो नाही.

आता खोली. यात शेअर्ड, व्हीपीएस, डेडिकेटेड आणि क्लाउड अशा चार जाती सांगतात आणि समजावताना घरांचा दृष्टान्त देतात. मी तो चाळीपुरताच ताणणार आहे, कारण बाकीच्या तिन्हींशी अडकित्त्यांना कर्तव्य नाही. व्हीपीएस हा त्याच इमारतीतला स्वतंत्र ब्लॉक, पण नळदुरुस्ती तुमची तुम्ही करायची. डेडिकेटेड म्हणजे बंगला. क्लाउडचं रिक्षासारखं, मीटरवर; आणि मीटर चालू आहे हे विसरलं की काय होतं ते सांगायला नको. शेअर्ड ही चाळ. चाळीचा शोध १९९७ चा समजावा. त्याआधी ब्राउझर सर्व्हरच्या दारात येऊन ‘पान द्या’ एवढंच म्हणे; कोणाकडचं, ते बोलत नसे. म्हणून एका पत्त्यावर साधारण एकच बिऱ्हाड. या बोलण्याच्या भाषेने, म्हणजे एचटीटीपीने, १.१ या आवृत्तीत प्रत्येक मागणीत बिऱ्हाडाचं नाव सांगणं सक्तीचं केलं, आणि त्या ओळीचं नावच मुळी ‘होस्ट’! त्या एका ओळीने एकाच पत्त्यावर शेकडो संसार मांडता आले आणि भाडी उतरली.

चाळीचे गुणदोष चाळीचेच. शेजाऱ्याकडे कार्य निघालं की नळाची धार बारीक होते. म्हणजे शेजारच्या साडीच्या दुकानाचा दिवाळी सेल लागला की तुमचा अडकित्ता हळू उघडतो. कुणा एकाने जगभर भुरट्या औषधांची पत्रं धाडली, तर अख्ख्या चाळीची टपाल संशयाने पाहिली जाते. पण तुमच्याकडे येतं कोण? माझ्या हिशेबाने भावकीतली अकरा माणसं, त्यांतली तिघं चुकून. एवढ्यांना चाळ पुष्कळ झाली.

विक्रेते म्हणतात, जागा अमर्याद. हा शब्द मराठी माणसाला समजावायला नको. त्याने अमर्याद थाळी जेवलेली आहे. मालकाला माणसाच्या पोटाचं माप ठाऊक असतं आणि बासुंदीची दुसरी वाटी मागितली की वाढपी एकाएकी दिसेनासा होतो. तसंच इथे: जागा अमर्याद, पण फाइलींची संख्या मोजलेली, प्रोसेसरचा वाटा मोजलेला, आणि ही मोजदाद करारात खालच्या अंगाला बारीक टाइपात. खरा प्रश्न आपल्या पोटाचा आहे. ते मी मोजून पाहिलं.

देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. ‘अडकित्ता’ शब्दात काना, वेलांटी आणि पाय मोडल्याची खूण धरून ८ चिन्हं, म्हणजे २४ बाइट. इंग्रजीतला ‘नटक्रॅकर’ १० बाइटांत आटपतो. मराठी लिहिणं इतकं महाग, तरी ४३ अडकित्त्यांवर प्रत्येकी दीडशे शब्द लिहिले तर सगळं मिळून फार तर सव्वाशे केबी. खादाडी फोटोंची. प्रत्येकाचे तीन, म्हणजे १२९ फोटो. फोनने काढलेला एकेक ४ एमबीचा, तर ५१६ एमबी. तेच आकाराने कमी करून २०० केबीवर आणले तर सगळे मिळून सव्वीसेक एमबी. अडकित्ता क्रमांक १७, पोपटाच्या आकाराचा, चोच मोडलेला, मी दोन्ही प्रकारे शेजारी ठेवून पाहिला. मोडलेली चोच दोन्हींत सारखीच मोडलेली दिसते. नवशिक्याने जागा वाढवण्याआधी फोटो लहान करावेत, हा या ग्रंथातला पहिला सिद्धान्त.

मग अपटाइम, म्हणजे सर्व्हर जागा असण्याची हमी. जाहिरातीत ९९.९ टक्के लिहितात. वर्षाचे तास ८,७६०. त्यांतला हजारावा भाग ८ तास ४५ मिनिटं ३६ सेकंद. इतका वेळ यंत्र झोपलं तरी हमी शाबूत. त्याहून जास्त झोपलं तर भरपाई काही ठिकाणी बुडालेल्या काळाच्या भाड्याइतकीच. वर्षाचं भाडं २,४०० रुपये धरलं तर त्या पावणेनऊ तासांचे होतात २ रुपये ४० पैसे. भांडायचं असेल त्याने भांडावं.

सर्व्हर कुठे आहे हेही विचारतात, आणि याला अर्थ आहे. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते न्यूयॉर्क साधारण साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन येऊन सेकंदाचा आठवा भाग, तोही तार सरळ गेली तर, आणि एक पान उघडायला अशा अनेक खेपा. आपला पाहुणा पुण्यातला असेल तर रबाळे-ऐरोलीच्या पट्ट्यातला सर्व्हर बरा. तिथे डेटा सेंटरं आहेत, आणि घाटात ट्रॅफिक असलं तरी प्रकाशाला अडत नाही.

किमतीचा अध्याय मी सर्वांत उशिरा वाचला आणि तो पहिला वाचायला हवा होता. ‘दरमहा फक्त ६९ रुपये’ पाहून मी एका दुकानात शिरलो. ६९ हा दर ४८ महिने एकरकमी भरले तर. झाले ३,३१२. वर १८ टक्के जीएसटी, ५९६ रुपये १६ पैसे. ६९ ची वस्तू घ्यायला गेलो आणि पडद्यावर ३,९०८ रुपये १६ पैसे! खाली तीन चौकटींत आधीच टिकमार्क केलेले. त्यांतली एक सुरक्षा प्रमाणपत्राची, म्हणजे पत्त्याआधीच्या कुलपाची. ते कुलूप लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा २०१५ पासून फुकट वाटते. चॅटवरच्या माणसाला मी विचारलं, पाचव्या वर्षी किती? त्याने ‘सर, ऑफर आणखी बारा मिनिटंच आहे’ असं कळवलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तेव्हाही बारा मिनिटंच उरली होती. भाव विचारायचा तो नूतनीकरणाचा, आणि पहिला व्यवहार एका वर्षाचाच करावा. हा दुसरा सिद्धान्त.

बॅकअपवर भाचा अगदी गंभीर झाला, म्हणून मीही होतो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या बड्या होस्टिंग कंपनीच्या पाच मजली डेटा सेंटरला आग लागली आणि इमारत जळून गेली. काहींच्या बॅकअपच्या प्रतीही त्याच इमारतीत होत्या. कंपनी लहान असो की मोठी, एक प्रत आपल्या घरी हवी. माझी पेनड्राइव्हवर आहे आणि पेनड्राइव्ह सुपारीच्या डब्यात.

इथे पूर्वपक्ष उठतो: एवढं सगळं करण्यापेक्षा फुकट जागा का घेऊ नये? उत्तरपक्ष म्हणून मी जिओसिटीज काढलं. १९९४ मध्ये निघालेल्या या फुकट नगरीत लोकांनी मोहल्ला निवडून मोकळ्या प्लॉटवर पानं उभारली, १९९९ मध्ये ती याहूने घेतली आणि २००९ मध्ये अमेरिकेतली पानं बंद केली. घरं गेली, पत्तेही गेले. भाचा म्हणाला, “पत्ते गेले कारण नावं त्यांची होती. तुमचं नाव तुमचंच आहे ना? मग खोली फुकटची असली तर काय बिघडलं? उद्या हाकललं तर पेनड्राइव्ह उचलून दुसरीकडे.” मग त्याने विचारलं, जे मी अकरा आठवड्यांत स्वतःला विचारलं नव्हतं: “मामा, अडकित्ते बदलतात का?”

अडकित्ते बदलत नाहीत. गेल्या साठ वर्षांत १७ नंबरची चोच तेवढी मोडली. ज्याला रोज नवा मजकूर चढवायचा आहे, गिऱ्हाइकाची ऑर्डर घ्यायची आहे, त्याला वर्डप्रेस लागेल, डेटाबेस लागेल, आणि त्याने चाळीतली खोली एका वर्षाच्या भाड्याने घ्यावी. ज्याची पानं छापील पुस्तकासारखी स्थिर आहेत, त्याला गिटहब पेजेससारख्या ठिकाणी १ जीबीपर्यंत फुकट जागा मिळते. माझी गरज सव्वीस एमबीची. भाच्याने चाळीस मिनिटांत सगळं चढवलं. खर्च नावाचा तेवढा आला.

क्रमांक २७ उलटा दिसतो, तो येत्या रविवारी सुलटा होईल. दरम्यान, संग्रहात घोड्याच्या आकाराचा एकही अडकित्ता नाही. वाचकांपैकी कोणाकडे असल्यास त्याचा फोटो जरूर पाठवावा. मात्र २०० केबीच्या आत.