टावरवाले नाना

शनिशिंगणापुरात घरांना दारं नाहीत, याचं कौतुक जगभर. त्याच नेवासे तालुक्यातल्या नानांच्या घराला मात्र दोन कुलपं, आणि दुसऱ्याची किल्ली कुठे असते हे नानींनाही ठाऊक नाही. मेथीची जुडी घेतानासुद्धा नाना ती सोडून, आतल्या काड्या बघून मग भाव पाडतात. सख्ख्या जावयाला दोन हजार उसने दिले, तेही स्टॅम्पपेपरवर.

असे नाना नगर जिल्ह्यात गावोगाव. फुकटच्या गोष्टीवर त्यांचा काडीचा विश्वास नाही, आणि घात होतो तो तिथेच. पंचवीस लाखांच्या लॉटरीचा मेसेज त्यांनी पुरता वाचलाही नव्हता. पण शेतात मोबाईल टॉवर बसवायचा मेल आला! चाळीस लाख डिपॉझिट, दरमहा भाडं, वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, जावक क्रमांकसुद्धा. 'फाईल चार्ज १८,५०० रुपये आधी भरावा' हे वाचलं आणि नानांची खात्रीच पटली. "पैसं मागत्यात, म्हंजी काम सरकारीच हाय."

मेल मंत्रालयाचा आणि पत्ता जीमेलचा, हे नातीने दाखवलं. "साहेब घरून काम करीत आसंल." टॉवरसाठी ना हरकत दाखला दूरसंचार नियामक 'ट्राय' देतच नाही, असं ट्रायनेच जाहीर केलंय, हेही तिने वाचून दाखवलं. "वरच्या आफिसाला खालचं काय म्हाईत?"

२०२५ मध्ये शनिदेवाच्याच नावाने ऑनलाइन पूजेची बनावट अ‍ॅप काढल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा हेच नाना पारावर म्हणत होते, "लोकं फसत्यात तरी कशी!" खिशात साहेबांचा खातेनंबर.

शेवटी नातीने विचारलं, "नाना, कारखाना कपातीचे पैसे आधी मागतो का हो?"

हा घाव वर्मी बसला. कारखाना काय वाटेल ते कापेल, पण कापेल ऊसबिलातूनच. नानांनी लगेच फोन लावला. "तुमचं साडेअठरा हजार त्या चाळीस लाखांतूनच कापा, अन् ऱ्हायलेलं धाडा." साहेब गडबडला. दहा हजारांवर आला, मग पाचावर. दिवे लागेपर्यंत नानांनी त्याला पाचशेवर आणला.

तेवढ्यात नातीने सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवरच्या 'चक्षू'वर तक्रार करून नंबर ब्लॉक केला. पैसे गेलेच तर तातडीने लावायचा १९३० हा नंबरही कॅलेंडरवर लिहून ठेवला. नानांचं त्याकडे लक्ष नव्हतं.

"पाचशात टावर," ते नानींना सांगत होते, "आख्ख्या तालुक्यात कुणाला घावला नसता."