दोष पोर्टाचा, शिव्या खोदकामाला

मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं. आता इथल्या ऑफिसातला सर्व्हर रखडला, की पहिला संशय पालिकेच्या रस्ता खोदणाऱ्यांवर. मग केबल बदलते, सर्व्हर रीस्टार्ट होतो, शेवटी दाराला लिंबू-मिरची.

स्विचचा पोर्ट मात्र कुणी बघत नाही. तिथे कुणा शहाण्याने १०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स ठोकून ठेवलेलं, सर्व्हर ऑटोवर, म्हणजे समोरच्याशी बोलून ठरवणारा. समोरून उत्तरच येत नाही, म्हणून तो वेग ओळखतो, पण निमूट हाफ डुप्लेक्स धरतो. पिंग झकास! मोठी फाइल निघाली की टकरा.

ऑटो-निगोशिएशन १९९५ पासून मानकात आहे. तांब्याच्या गिगाबिटला तर ते सक्तीचंच. तरी ‘फिक्स केलेलं बरं’ हा वसा काही सुटत नाही. इंजिनिअर येतो, दोन्हीकडे ऑटो करतो आणि बिलावर लिहितो: ‘नेटवर्क अपग्रेड’.